फाटक ते हौद

मानवाच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे त्याने घोड्याला मागे टाकल्याचा इतिहास होय. जालन्यात हा इतिहास रोज सकाळी सव्वादहाला रेल्वे फाटकापाशी अडकून पडत असे.

फाटकाच्या अलीकडे मार्तंडराव वकिलांची अमेरिकन मोटार उभी असायची. आठ सिलिंडर, दीडशे घोड्यांची ताकद. हैदराबादच्या एका जहागीरदाराने जहागीर गेल्यावर विकलेली. शेजारी बद्रीनाथचा टांगा, ताकद एक घोडा. मालगाडी जायची, फाटक उघडायचं, मोटार हुंकार द्यायची आणि टांगा निघून जायचा. पलीकडे जनावरांच्या हौदापाशी तो थांबलेला असे, घोड्याचं तोंड पाण्यात, आणि मोटार पोचली की बद्रीनाथ वळून अदबीने सलाम करी. दोन अपिलं हरूनही वकिलांनी कधी जेवण टाकलं नव्हतं. या सलामापायी टाकलं.

रायभान मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्याच्या बापाची मेंढरं होती. हा लष्करात मोटारी शिकून आलेला.

"गाडी खराब न्हाई, साहेब," तो म्हणाला. "हिला क्लच न्हाई. त्याच्या जागी तेलानं भरलेला डबा हाय, कन्व्हर्टर म्हणतेत. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरतो का न्हाई? तसंच. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, चाकाकडचा झेलतो."

"मग घोडा पुढे का जातो?"

"ब्रेक दाबून धरा अन् पुरी रेस द्या. चाक हालत न्हाई, तरी इंजिन काही फेऱ्यांपर्यंत चढतं अन् तिथं अडतं. त्याला स्टॉल स्पीड म्हणतेत. तुमचं मिनिटाला चौदाशे फेऱ्यांवर अडून राह्यलं. खरा जोर तर वर हाय. तिथं पोचेस्तोवर घोडा गेल्ता."

हैदराबादच्या कबाड्याकडे दोन डबे होते. एक अठराशे फेऱ्यांचा, एक बावीसशेचा. कोणता घ्यायचा?

त्या वर्षी मराठवाडा कोणत्या राज्यात जाणार याचा विचार दिल्लीत चालला होता. आमच्या आळीने तो दिल्लीवर सोपवला आणि हा प्रश्न हाती घेतला. शेजारचे गिरिधर मास्तर बावीसशेवाले. त्यांनी फळ्यावर समीकरण मांडून दाखवलं की बावीसशेला मोटार हौदापाशी आठ सेकंदांत पोचते. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती मानलं गेलं.

"बावीसशे!" वकिलांनी निकाल दिला.

"अहो, पण रोज?" आतून प्रेमलाबाईंचा आवाज आला. पाठोपाठ त्याही आल्या. "घर ते कोर्ट, कोर्ट ते घर, आणि मधे मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या बैलगाड्या. तिथे बावीसशेचा डबा काय करील हो, मिस्त्री?"

रायभान जरा चाचरला. "रवी फिरल्यावानी तेल घुसळत बसंल, बाईसाहेब. गरम होऊन उकळंल. पेट्रोलचा खर्चा वाढंल तो येगळाच."

"आणि अठराशेचा?"

"उडीबी मारंल अन् बैलामागंबी बराबर चालंल."

"मग अठराशे."

"अगं, हा प्रश्न अभिमानाचा आहे!"

"अभिमान फाटकापासून हौदापर्यंतच आहे ना? पुढच्या रस्त्यावर मला गाडीत बसायचंय."

अपिलाला जागा नव्हती.

सोमवारी मोटार रायभानच्या शेडमध्ये गेली. बुधवारी दुपारी डबा बसला, आणि तो खरंच अठराशेचा आहे का हे पाहायला अर्धं गाव जमलं. मोटारीत फेरे मोजायचं यंत्र नव्हतं. ते जिनिंग फॅक्टरीच्या इंद्रभान फिटरकडे होतं, कापसाच्या मशिनींचे फेरे मोजायचं, मुठीत मावेल एवढं. चाकांना दगड लागले. वकील डाव्या पायाने ब्रेकवर उभेच राहिले.

"साहेब," इंजिनात वाकलेला इंद्रभान म्हणाला, "पाय सुटला तर कळवा. मी औरंगाबादेत उतरून घेतो."

"पाच सेकंद फक्त! जादा न्हाई, तेल उकळंल," रायभान ओरडला. "द्या!"

मोटार थरथरली, गुरगुरली, शेडचे पत्रे वाजायला लागले. "सोळाशे... सतराशे... अठराशे वीस! अडली!" टाळ्या पडल्या. एवढ्यात मोंढ्यातले अडते येऊन पोचले, त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणून पुन्हा. मग पोस्टमास्तर आले. चौथ्या वेळी रायभानने किल्ली काढून खिशात घातली आणि पाहुण्यांचा अपमान केला.

गुरुवार उजाडला. दहापासून फाटकाच्या दोन्ही बाजूंना गर्दी. पेरूवाल्याने पाटी भिंतीवर चढवली. मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावर, आणि पलीकडे दहा-बारा जण तर हौदात उतरून उभे, तिथून चांगलं दिसत होतं. बद्रीनाथ टांग्यावर बिडी ओढत बसला होता.

मालगाडी गेली. फाटक हललं.

"ब्रेक धरा," शेजारी बसलेला रायभान कुजबुजला. "रेस द्या... अजून न्हाई... अजून न्हाई... सोडा!"

मोटार मागच्या बाजूने बसली, नाक आभाळाकडे गेलं, वकिलांची टोपी मागच्या सीटवर प्रेमलाबाईंच्या मांडीत पडली. रूळ एकदाच वाजले. धूळ, आरोळ्या, एक पेरू कुठूनसा टपावर आदळला, आणि हौद आला! मास्तरांच्या घड्याळात नऊ सेकंद.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. घोडा रुळांवरून पाय मोजत येत होता. बद्रीनाथ लगाम झटकत होता, चुचकारत होता, घोड्याला कशाचीच घाई नव्हती. वकील उतरले, ताठ उभे राहिले, आणि त्यांनी अदबीने सलाम केला. रायभानला लोकांनी उचलून घेतलं. मास्तर प्रत्येकाला सांगत होते की एका सेकंदाचा फरक धरायचाच असतो. पोस्टमास्तरांनी पेढे मागवले; हौदातल्या लोकांना ते हौदातच वाटले गेले.

हौदाला तडा गेल्यामुळे सोमवारपासून त्यात पाणी नव्हतं.