जरा हलकी दाखवा

रंगाऱ्याने आयुष्यभर दोनच वस्तू खांद्यावर वागवल्या. कामाच्या दिवशी शिडी आणि सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिक गिटार. दोन्ही डाव्याच खांद्यावर. तीस वर्षं त्या खांद्याने तोंडातून ब्र काढला नाही आणि मग एकदम असा बोलायला लागला की शर्टाच्या बाहीत हात घालतानासुद्धा रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला, मान हलवली आणि सांगितलं की यापुढे या खांद्यावर साडेतीन किलोच्या वर काही टांगायचं नाही.

शिडीचं त्याने निमूटपणे ऐकलं. तिला चाकं लावून घेतली आणि वर शेजाऱ्यांना सांगितलं की आता जमाना चाकांचा आहे. गिटारचा विषय मात्र त्याने डॉक्टरांसमोर काढलाच नाही. तो काढला बायकोने.

बायको पोस्टात पार्सलच्या खिडकीवर. वीस वर्षं लोकांची पार्सलं हातात घेऊन घेऊन तिच्या मनगटालाच काटा फुटला होता. कोणतीही वस्तू उचलली की तिचं वजन ती पन्नास ग्रॅमच्या फरकाने सांगायची, आणि कुणी शंका घेतलीच तर पर्समध्ये हुकाचा काटा तयार असायचा. डॉक्टरांकडून घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. भिंतीवरची गिटार उतरवली, दोन क्षण हातात तोलली आणि म्हणाली, "चार किलो सातशे." मग काट्याला लावली. चार किलो सातशेचाळीस निघाली. वरचे चाळीस पट्ट्याचे, असं तिने जाहीर केलं.

हे प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं, पण रंगाऱ्याचा बँड होता. तिघांचा. रंगारी गिटारवर, बायकोचा धाकटा भाऊ बेस गिटारवर आणि शाळेत गणित शिकवणारे सर ड्रमवर. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये ते दोन तास वाजवायचे आणि त्यांच्याच वयाची माणसं त्यावर नाचायची. ड्रमवाला सोडून कुणी बसून वाजवायचं नाही, हा बँडचा एकमेव नियम. तसा कुठे लिहिलेला नव्हता, पण आधी चौथा माणूस होता, कीबोर्डवाला. त्याची पाठ दुखायला लागली तेव्हा त्याने खुर्ची मागितली. सगळ्यांनी मोठ्या प्रेमाने दिली. मग ती खुर्ची हळूहळू मागे सरकली. मग तो एका रविवारी आला नाही, दुसऱ्या रविवारीही आला नाही, आणि तिसऱ्या रविवारी सरांनी त्याच्या जागेवर पंखा ठेवला. वाईट कुणीच वागलं नव्हतं. म्हणूनच रंगाऱ्याला खांद्यापेक्षा त्या खुर्चीची धास्ती जास्त होती.

गेल्या महिन्यात शेवटची तीन गाणी त्याने कशीबशी ओढून नेली. तार उतरल्याचं सोंग करून तो लोकांकडे पाठ फिरवायचा आणि हात झटकून मुंग्या घालवायचा. मेहुण्याला काही कळलं नसावं. मेहुणा वर्षभर नवीच ऐट करत होता, मागच्या भिंतीला रेलून, एक पाय दुमडून वाजवायचा. पन्नाशीत कसली ही स्टाइल, म्हणून रंगाऱ्याने त्याची यथेच्छ टिंगल केली होती.

बायकोने दोन पर्याय दिले. एक तर त्या दोघांना खरं सांगा, नाहीतर हलकी गिटार घ्या. रंगाऱ्याने दुसरा घेतला, कारण त्यात पहिला टळत होता. पुढचा कार्यक्रम नऊ दिवसांवर होता.

वाद्यांचं दुकान लांबट होतं, दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या आणि मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. दुकानदार चाळिशीतला, मऊ बोलणारा, गळ्यात चष्म्याची दोरी. काय हवंय, असं त्याने विचारलं. आता इथे रंगाऱ्याने चार वाक्यं बोलायला हवी होती. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आणि परक्यासमोर खांद्याचं रडगाणं गायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जरा हलकी दाखवा."

दुकानदाराने त्याच्या नखांतला पांढरा रंग पाहिला, खाली गेलेला आवाज ऐकला आणि काय समजायचं ते समजला. माणूस भला होता, हीच तर अडचण. उर्मट असता तर रंगारी तिथल्या तिथे भांडला असता. दुकानदाराने मोठ्या आपुलकीने त्याला अगदी मागच्या कोपऱ्यात नेलं, जिथे दुसरं कुणी पाहणार नाही, आणि एक लाल गिटार त्याच्या हातात दिली. रंगाऱ्याने पट्टा खांद्यावर घेतला आणि ओठ दाबले. प्लायवूडची होती, दाराच्या फळीसारखी.

"चार किलो शंभर," बायकोने हात लावून सांगितलं.

याहून हलकी नाही का, रंगाऱ्याने विचारलं. दुकानदाराने दुसरी काढली. तिच्या तारांना नुसता हात लावला तरी बेसूर कण्हत होती, आणि वजनाला पहिलीची सख्खी बहीण. आणखी हलकी? दुकानदाराचा चेहरा कळवळला. त्याने जवळ येऊन सांगितलं की साहेब, याहून हलकी घेऊ नका, चार महिन्यांत टाकून द्यावी लागेल. थोडं थांबा, थोडं साठवा. लाजायचं काही कारण नाही, शिकताना सगळे अशाच गिटारीवर शिकतात.

शिकताना! रंगाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एका शाळेचे बावीस वर्ग रंगवून त्याने ह्या खरेदीसाठी बरे पैसे बाजूला काढले होते. ती बेसूर गिटार त्याने दोन मिनिटांत सुरात आणली, ॲम्पला जोडली आणि वाजवायला लागला. त्याचं वाजवणं म्हणजे बोटांची पळापळ नव्हे. तिघांच्या बँडमध्ये जी मधली सगळी मोकळी जागा उरते ती भरून काढायची, उजव्या हाताने ठोका धरायचा आणि लोकांचे पाय हलते ठेवायचे, हे त्याचं काम. त्या फळकुटातूनसुद्धा ते उतरलं. पुढच्या भागातली दोन्ही गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"तुम्ही तर भारी वाजवता," दुकानदार चकित होऊन म्हणाला.

"भारीच तर नकोय आम्हाला," बायको म्हणाली.

पुढचं वाक्य तिला सहज बोलता आलं असतं. ते तिने मुद्दाम नवऱ्यासाठी ठेवलं आणि छताकडे बघत उभी राहिली. रंगाऱ्याने गिटार उतरवून ठेवली. उतरवताना खांद्यातून कळ गेली तशी त्याने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलला.

"हलकी म्हणजे वजनाला हो. खांदा गेलाय माझा."

बायको आणि डॉक्टर सोडून कुणासमोर तो हे पहिल्यांदाच बोलत होता. दुकानाचं छप्पर जागच्या जागी राहिलं. दुकानदार मात्र असा खजील झाला की त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला, आणि म्हणाला की गिऱ्हाइकाला काय वाजवता हे आधी विचारायचं असतं, आपण नखं बघत बसलो. मग त्याने सगळं विचारलं. उभ्यानेच वाजवणार का? किती वेळ? हॉल केवढा? एकट्याने सुरावट वाजवायची की साथ धरायची? आवाज पातळ चालेल की भरलेला हवा? खिशाची मर्यादा त्याने शेवटी विचारली, आणि तीही मोठ्याने.

त्यानंतरचा तासभर बायकोचा होता. काटा पर्समधून बाहेर आला आणि दुकानदार एकेक गिटार हुकाला लावायला देऊ लागला. दोन किलो सहाशेची एक सापडली तेव्हा बायकोचा चेहरा उजळला. हीच घ्या, तिने फर्मान काढलं. रंगाऱ्याने ती गळ्यात अडकवली. खरंच, पट्ट्यावर काही आहे असं वाटत नव्हतं.

"आता डावा हात सोडा," दुकानदार म्हणाला.

त्याने हात सोडला आणि गिटारच्या दांडीचं टोक सरळ जमिनीकडे गेलं.

"ही मान टाकते," दुकानदार म्हणाला. अंग हलकं, मान जड. दोन तास ती मान डाव्या हाताने सावरत बसावं लागेल, आणि मग खांदा वजनाने नाही, सावरण्यानेच जाईल. बायकोने काट्याकडे अविश्वासाने पाहिलं. वीस वर्षांत कुठल्या पार्सलाने मान टाकली नव्हती.

नंतरची हात सोडला तरी जागची हलली नाही, आवाजही कसा भरदार, पण किंमत ऐकल्यावर तिघांनी मिळून ती परत भिंतीवर ठेवली. आतून अर्धी पोकळ होती, त्याने वजन कमी होतं, असं दुकानदार सांगत होता. सांगता सांगता थांबला. तशाच जातीची एक जुनी आहे, म्हणाला, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. काउंटरखालून त्याने ती ओढून काढली. आधीच्या मालकाने घरी बसून तिला हिरवा रंग फासला होता, तोही ब्रशने. एका बाजूला ओघळ तसेच वाळले होते.

रंगाऱ्याने अंगठा फिरवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला. तेलरंग. दोन हात. खाली घासलेलं नाही, प्रायमर नाही. हे कुणाचं काम आहे ते सांगा, म्हणाला, मी त्याला चार शब्द ऐकवतो. मग पट्टा चढवून त्याने डावा हात सोडला. मान जिथल्या तिथे. ॲम्पला लावून ठोका धरला तर आवाज थेट जुनीसारखा जाड नव्हता, थोडा मऊ होता, पण मधली जागा भरत होता. फार मोठा केला तर किंचाळेल, असा इशारा दुकानदाराने दिला. क्लबच्या हॉलमध्ये एवढा मोठा आवाज केला तर नाचणाऱ्यांचे गुडघे निघतील, असं रंगाऱ्याने त्याला सांगितलं.

"तीन किलो दोनशे," बायको म्हणाली. "आणि रंग खरवडला की आणखी शंभर कमी."

किंमत ठरवलेल्या रकमेच्या पुष्कळ आत बसली. म्हणजे शेवटी हलकी मागितली आणि दोन्ही अर्थांनी हलकी मिळाली.

चार दिवस रंगाऱ्याने पातं आणि बारीक सँडपेपर घेऊन तिच्यावर सकाळची उन्हं घालवली. खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. बायकोने पुन्हा काटा लावला, शंभर नव्हे, ऐंशी ग्रॅम कमी झाले होते. तिने ते मनाला लावून घेतलं.

शनिवारी सरांच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात सराव होता. बायको कधी सरावाला येत नसे, पण त्या दिवशी आली. नवऱ्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि ते बरोबरच होतं. जुनीच्या वायरिंगमध्ये बिघाड झाला, अशी थाप त्याने वाटेतच रचून ठेवली होती.

"भाऊजी, जुनी कुठाय?" मेहुण्याने भिंतीला रेलूनच विचारलं. बेस गळ्यात, पाय दुमडलेला, नेहमीची ऐट.

रंगाऱ्याने तोंड उघडलं. थाप जिभेवर तयार होती. पण दुकानात एकदा बोललेलं वाक्य तिच्या पुढे येऊन उभं होतं, आणि त्याला आता वाट माहीत होती.

"जुनी झेपत नाही रे," तो म्हणाला. "खांदा गेलाय माझा. गेल्या महिन्यात तारा जुळवत नव्हतो, हात झटकत होतो."

सरांनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि कनवाळूपणे कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तीच भीती होती. रंगाऱ्याने पट्टा खांद्यावर चढवला.

"नको, सर. ही तीन किलो एकशेवीस आहे. मी उभाच राहणार."

मेहुणा काही टिंगल करेल म्हणून तो तिकडे वळला. मेहुणा हसत नव्हता. त्याने भिंत सोडली, पट्ट्याखाली दोन्ही हात घातले, आणि तान्हं मूल खाली ठेवावं तशी गळ्यातली बेस हळूच बाकावर ठेवली. खांद्यावर शर्ट घामाने चिकटला होता. तो बराच वेळ तिथेच कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ताई, तो काटा आणलायस का गं?"

बायकोने पर्स उघडलीसुद्धा नाही. "चार किलो नऊशे," ती म्हणाली. "वर्षभर बघतेय, तू भिंत सोडत नाहीस."

सर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. मग मेहुण्याने घसा साफ केला आणि ते दुकान कुठे आहे ते विचारलं. रंगाऱ्याने पत्ता सांगितला. तिथे गेल्यावर काय मागायचं, मेहुण्याने विचारलं.

"हलकी दाखवा म्हणू नकोस," रंगारी म्हणाला. "कंबर गेलीय म्हण."