होडीवरची इद्दत

अब्बा गेल्यानंतर तेविसाव्या दिवशी अम्मीने माझ्याकडे तिचा पासपोर्ट मागितला. तो माझ्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली होता. ठेवताना मी स्वतःला सांगितलं होतं की हरवू नये म्हणून ठेवतेय.

"कशाला हवाय?"

"घरी जायचं हाय."

"कुठल्या घरी?"

"होडीवर."

माझे अब्बा, नसरुद्दीन, एकतीस वर्षं दोहाच्या बंदरात टगबोटींची इंजिनं दुरुस्त करत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी रत्नागिरीचं घर विकलं आणि ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावर एका म्हाताऱ्या डच माणसाची नऊ मीटरची शिडाची होडी घेतली. तीन उन्हाळे दोघं बेटाबेटांतून फिरले. व्हिसाचे नव्वद दिवस संपले की होडी किनाऱ्यावर चढवायची आणि दोहाजवळच्या उम्म सलाल मोहम्मद गावात माझ्याकडे यायचं, एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत. अम्मी तिकडून फोटो पाठवायची. निळं पाणी, पांढरी घरं, दोरीवर वाळत घातलेले मासे. मी ते ऑफिसात उघडायची आणि लगेच बंद करायची. अब्बांच्या हृदयात दोन स्टेंट होते. दर वर्षी मी नको म्हटलं. यंदाच्या मेमध्ये नांगर ओढता ओढता ते कोसळले.

कोस बेटावर मुसलमानांचं जुनं कब्रस्तान आहे, तिथे त्यांना दफन केलं. मला व्हिसा मिळाला नाही, त्यामुळे माती देता आली नाही. माझा थोरला भाऊ मुदस्सिर गेला आणि सहाव्या दिवशी अम्मीला इथे घेऊन आला. तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते.

पासपोर्टचं मी मुदस्सिरला कळवलं. तो दुपारीच अल वक्राहून आला, सोबत हमिदा फुफी, अब्बांची बहीण. त्याच्या हातात होडीच्या विक्रीचे कागद होते. गिऱ्हाईक ठरलं होतं, अम्मीची सही तेवढी राहिली होती.

"इद्दतीत विमानात बसणार?" फुफीने चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली. "नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई उंबरठा ओलांडत नाही, खतिजा. आणि तुला पाण्यावर जाऊन राहायचंय? परक्या मुलखात, एकटीला?"

"उंबरठा मी ओलांडलाय, आपा. तुमच्या भाच्याने ओलांडायला लावला."

"मग काय तिथेच सोडून यायचं होतं तुला?" मुदस्सिर म्हणाला.

"नवरा गेला तेव्हा बाई ज्या घरात होती, त्याच घरात इद्दत बसते. तुझ्या आजीने शिकवलंय मला."

"घर? धड ताठ उभं राहता येत नाही त्यात!"

"तुला नाय येत. तुझ्या बापालाही येत नव्हतं, रोज डोकं आपटायचा. मला येतं."

"खलास. मौलवीसाहेबांनाच विचारू." त्याने रत्नागिरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, आम्हा सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. सगळी हकीकत त्याने आपल्या बाजूने सांगितली.

मौलवीसाहेबांनी शांतपणे विचारलं, "होडीत चूल होती?"

"गॅस होता. पण—"

"झोपणं तिथेच?"

"हो, पण वर्षातले तीन महिनेच—"

"मालकीचं दुसरं घर आहे का?"

"नाही. रत्नागिरीचं विकलं अब्बांनी," मुदस्सिर हातातले कागद चाळत म्हणाला. ते विकल्याचा राग त्याच्या मनातून कधीच गेला नव्हता.

"मग तेच त्यांचं घर. आपल्या शाफई पंथाच्या किताबांत खलाशाच्या बायकोचा मसला आहे, अगदी हाच प्रश्न, बेटा. जिवाला धोका नसेल तर त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं. त्यांना हलवलं कोणी?"

मुदस्सिरने फोन बंद केला. "किताबात काहीही असो. पासपोर्ट रिफतकडे आहे आणि रिफत देणार नाही." माझ्याकडे न बघता त्याने कागद टेबलावर टाकले आणि तो बाहेर अंगणात गेला. त्याच्यामागून फुफी गेली.

त्याचं बरोबर होतं. मी देणार नव्हते.

"तू नेलंस त्यांना," मी अम्मीला म्हणाले. "स्टेंट टाकलेल्या माणसाला नांगर ओढायला लावलंस."

"थांब, मी ओढते म्हटलं. ऐकला नाय."

"शेवटचं काय बोलले?"

"तो नाय बोलला. मीच बोलले. आंधळ्या, दोरी पायात येतेय तुझ्या."

मरताना म्हणायचा कलमा त्यांच्या ओठांवर होता, असं मला ऐकायचं होतं. नाहीतर माझं नाव.

"आंधळ्या म्हणालीस? अब्बांना?"

"रोजच म्हणायची. तो मला म्हैस म्हणायचा. इथे एकतीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढली गो. भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड, अलीकडे तुम्ही दोघं. राग आला तरी हळू, हसू आलं तरी हळू. तिथे पहिल्याच आठवड्यात शीड फाटलं आणि मी अशी ओरडले की तो सुकाणू सोडून हसत बसला. मग तोही ओरडला. तीन उन्हाळे भांडलो आम्ही. पोटभर."

मी त्या दोघांना कधी भांडताना पाहिलं नव्हतं. मैत्रिणींना मी ते अभिमानाने सांगायचीसुद्धा.

"म्हणजे आपलं इथलं घर, ते तुझं नव्हतंच?"

"नाय."

एवढंच म्हणाली.

"व्हिसा जुलैत संपतो," मी म्हणाले. "इद्दत सप्टेंबरात. तिथेही पुरी होणार नाही तुझी."

"जितके दिवस मिळतील तितके."

अंगणातून मुदस्सिरचा आवाज आला, "रिफत, दिलास तर माझं तोंड बघू नकोस!"

मी कपाट उघडलं. पासपोर्ट टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला, तिला उठावं लागेल असा. ती उठली. आधी व्हिसाचं पान काढून तारीख बघितली.

"मी तुला माफ केलेलं नाही," मी म्हणाले.

"मी कुठे मागितली माफी?"

मी लॅपटॉप उघडला. गुरुवारचं विमान होतं, अथेन्समार्गे कोस. मला अजून व्हिसा नव्हता, तरी विचारलं, "एकीचंच काढू?"

"एकीचंच," अम्मी म्हणाली. "तू असलीस की मला हळू बोलावं लागतं."

मी एकीचं तिकीट काढलं.