पथ्य सुटलं

डॉक्टरसाहेब, तुम्ही खोटं बोललात. पंख्याखाली बसून, म्हाताऱ्याच्या तोंडावर खोटं बोललात. तुम्ही म्हणाल, मी तर एवढंच म्हणालो, "आता घरी न्या. काही पथ्य नाही. मनाला येईल ते खाऊ घाला." तेच खोटं.

ग्यानबा देवगाव फाट्याच्या अलीकडच्या वस्तीवरचा. मेंढरांमागं जन्म गेला. म्हातारपणी घशात कॅन्सरची गाठ निघाली. तुमच्या त्या लांबच्या दवाखान्यात त्यानं मशिनीखाली विजेचे शेक घेतले, मान काळी पडली, घास गिळंना झाला. तवर पथ्य चालू होतं. तिखट नाही, तेलकट नाही, मटण तर नाहीच. आणि आमच्याकडं डॉक्टरनं पथ्य सोडलं म्हणजे माणूस बरा झाला. दुसरा अर्थच नाही त्याला. ग्यानबाचा पोरगा बबलू, त्यानं तुमच्या पायरीवरूनच आईला फोन लावला.

"आई, बाचं पथ्य सुटलं."

कासाबाई फोन कानाला धरून रडली. नवरा बरा होऊ दे म्हणून तिनं पिराला बोकड बोलला होता. तो कापला. कंदुरीला सगळी वस्ती जेवायला बोलावली. ग्यानबाला नवा पटका बांधून मधोमध बसवला. त्याचा जोडीदार बन्सीधर म्हणाला, "एक हाळी मार बरं. मेंढरं इसरली असतील तुला."

ग्यानबानं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"लाजायलाय म्हातारा," बन्सीधर म्हणाला. "शालू, नळी वाढ सासऱ्याला. इतके दिस पेजंवर काढलेत."

लोक हसले. तोही हसला. शालूनं वाढलेल्या रश्श्याचा त्यानं घोट घेतला आणि तो नाकातून बाहेर आला. मागोमाग रक्त. जेवणाऱ्यांचे हात ताटातच थांबले.

तेव्हापासून तो आडवा झालेला नाही. आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून भिंतीला टेकून बसतो. ठणका कानात, डोक्यात. बबलूनं त्याला जीपमध्ये घालून तालुक्याला नेला. तिथले म्हणाले, ह्या दुखण्याची गोळी वेगळी, ती आमच्याकडं नसते, शेक दिले तिथं जा. बबलू एकटाच तुमच्याकडं आला. तुम्ही भेटला नाहीत. दारावरचा माणूस म्हणाला, "पेशंट आणल्याशिवाय गोळी नाही. आणि आणून तरी काय करता? त्यांचं संपलंय. सांगितलं नाही का साहेबांनी?"

असं कळलं पोराला. दारात उभ्या उभ्या, दारावरच्या माणसाकडून. वस्तीवर येऊन त्यानं हे मला सांगितलं. आईला एवढंच सांगितलं की गोळी संपलीय, पुन्हा येईल.

तुम्ही म्हणालात घरी न्या. घरी कोण होतं, विचारलंत? बबलू मेंढरांमागं रानात. कासाबाईचे गुडघे गेलेले, तिला स्वतःला उठवायला माणूस लागतं. ग्यानबाला उचलती शालू. सुनेनं बाहेर न्यायचं, सुनेनं धोतर धुवायचं. ह्याची म्हाताऱ्याला एवढी लाज, की त्यानं पाणीच सोडलं. पाणी नको, बाहेर जाणं नको. शालूच्या ते ध्यानात आलं तशी ती वाटी घेऊन पुढ्यात बसली.

"मामा, प्या."

त्यानं मान हलवली. "तान न्हाई."

"ओठ फुटायलेत, आन म्हणं तान न्हाई. मला समदं कळतंय. माझ्या बापाचं केलं नसतं का मी?"

"बापाचं येगळं."

"मग म्हणा की परकी हाय."

कासाबाई वैतागली. "आवं, किती छळताव पोरीला? पथ्य सुटलंय तुमचं. आता काय धाड भरली?"

ग्यानबानं वर पाहिलं. बबलू रानातून येऊन दारात टेकला होता, काठीचं साल काढत. बापानं त्याच्याकडं बोट केलं. आवाज नव्हताच, वारा होता नुसता, पण भेटायला आलेल्या आम्हा वस्तीवाल्यांना सगळ्यांना ऐकू गेलं.

"पथ्य सुटलं, तर मंग दुखायलंय कशानं?"

"सांग की रं," कासाबाई म्हणाली. "तूच गेलतास दवाखान्यात."

बबलू साल काढत राहिला. काठी पांढरी झाली तरी काढत राहिला. शालूच्या हातातली वाटी भरलेलीच होती.

त्या पोराला कुणी भित्रा म्हणू नये. जे सांगायचा पगार तुम्ही घेता, ते एका मेंढपाळानं बापाच्या तोंडावर सांगायचं काय म्हणून?

ग्यानबाला बरं करा, असं कुणी म्हणत नाही. बसल्या जागी डोळा लागावा, एवढी एक गोळी पाहिजे. ती देता येत नसेल तर तेही सांगा. पण बबलूकडून निरोप धाडू नका. वस्तीवर या. म्हातारा भिंतीला टेकून वाट बघायलाय. त्याच्यासमोर खाली बसा आणि सांगा, पथ्य सुटलं, तर दुखतंय कशानं?