शुक्रवारची साक्ष

माझ्या मुलाच्या, श्रीरंगच्या डोक्यात कुणीतरी मागून दांडका घातला, त्याला तीन वर्षं झाली. त्याने मारणारा पाहिला नाही. पाहिला मी, ओटीवरून. म्हणून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी उभी होते, आणि समोर आरोपी म्हणून शेजारचा सॅन्टन. भुईगावात दोन्ही वाड्यांना विहीर एकच. त्याच दिवशी सकाळी पाण्याच्या पाळीवरून दोघे भांडले होते. दुसरा साक्षीदार नव्हता. मी बोलले की सॅन्टन तुरुंगात.

सरकारी वकिलांपुढे घडाघडा सांगितलं. शाळा चौथीला सुटली, पण जीभ कुणाला अडवता आली नाही. "संध्याकाळची चर्चची घंटा झाली. मी तुळशीला दिवा लावला. कुंपणातून सॅन्टन आला, श्रीरंगला मारलं आणि केळींत पळाला."

मग सॅन्टनचे वकील उठले. कोवळा माणूस, काळा कोट खांद्यावरून उतरलेला.

"आजी, घंटा नक्की ऐकलीत?"

"बहिरी नाही मी. चाळीस वर्षं त्या घंटेवर दिवा लावते."

"पोलिसांनाही हेच सांगितलंत?"

"हेच. माझं बोलणं पक्षकार बघून बदलत नाही."

मागे कुणीतरी हसलं. मला बरं वाटलं.

"वार कोणता होता?"

"शुक्रवार."

"कोणता शुक्रवार, आजी?"

तोंड उघडलं आणि मागच्या बाकावर सॅन्टनची बायको मार्गारेट दिसली. ती खाली फरशीकडे बघत होती. गुड फ्रायडे होता. गुरुवार रात्रीपासून ईस्टरपर्यंत त्यांची घंटा वाजतच नाही, लाकडाची खटखट करतात. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"गुड फ्रायडेला घंटा नसते, आजी. मग ऐकलीत कशी?"

सरकारी वकील झटकन उठले. "साहेब, वयस्कर बाई आहेत, वेळेचा घोळ झाला. मारणारा त्यांनी पाहिलाय."

वाट करून दिली होती त्यांनी. नुसती मान हलवायची. श्रीरंग माझ्याकडे बघत होता.

न्यायाधीशांनी टाइप करणाऱ्याला थांबवलं. "आजी, एक गोष्ट चुकली म्हणून मी सगळी साक्ष टाकून देत नाही. घंटेचं सोडा. माणूस पाहिलात का, तेवढं सांगा. सावकाश."

मी कठडा धरला. दिवा आठवला, वाकलेली पाठ आठवली, हलणारी केळीची पानं आठवली. ती पाठ वळून चेहरा दिसलेला काही आठवेना.

"पाठ पाहिली, साहेब."

"आणि चेहरा?"

"चेहरा मी लावला. रोज त्या वेळी विहिरीचा पंप बंद करायला सॅन्टनच तिथून येतो. घंटा जशी रोजची, तसाच तोही."

सरकारी वकील खाली बसले. टाइपरायटर पुन्हा सुरू झाला. लिहिलेलं वाचून दाखवलं, मी सही केली. तीन वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते, आणि आता सहीची पाच अक्षरं एकेक करून काढली.

बाहेर व्हरांड्यात मार्गारेट जवळून गेली. थांबली नाही, आणि मी तरी कुठल्या तोंडाने थांबवणार?

श्रीरंग आला. "आई, मग मला मारलं कुणी?"

"माहीत नाही."

त्याने रिक्षा बोलावली, आत सरकून माझ्यापुरती जागा केली.