फ्लोराइडचा तक्ता

किलटबरच्या पंपहाउसवर मी एकतीस वर्षं काढली. काम सोपं. तळ्यातून पाणी येतं, गाळलं जातं, त्यात क्लोरीन पडतं आणि लोकांचे दात किडू नयेत म्हणून कायद्याप्रमाणे फ्लोराइडही पडतं. रोज एकदा पाण्यात फ्लोराइड किती आहे ते मोजायचं आणि तक्त्यात लिहायचं. लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम आलं की सगळे खूश.

आता खरं सांगतो, कारण लपवून लपवून दमलो. तक्ता मी रोज लिहीत नव्हतो. शुक्रवारी दुपारी, फुटबॉलच्या सरावाला जायच्या आधी, एकाच पेनाने सातही कप्पे भरून टाकायचो. शनिवार-रविवारचेसुद्धा, जे अजून उजाडायचे होते. माझ्या आधीचा जिमी असंच करायचा, त्यानेच मला शिकवलं. वर कुणी आकडे वाचत नव्हतं. कप्पा कोरा नाही ना, एवढंच बघत होते.

निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, तेव्हा मिसेस टिअर्नन पंपहाउसवर आली. वय ब्याऐंशी, हातात काठी, बगलेत जाडजूड फाइल. पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या गावाने शाळेत हिच्या हातच्या पट्ट्या खाल्ल्या आहेत, त्यात मीही आलो. दोन वर्षं ती सरकारला पत्रं लिहीत होती. तिची नात उना हसताना तोंडावर हात धरते, कारण पुढच्या दातांवर पांढरे डाग आहेत. लहानपणी फ्लोराइड जास्त पोटात गेलं की असे डाग पडतात. बाईचा प्रश्न एकाच ओळीचा होता: सगळ्यांच्या पाण्यात जे घालता, ते निर्धोक आहे हे कुणी, कधी, कशावरून तपासलं, तो कागद दाखवा. उत्तर दर वेळी तेच, तज्ज्ञ समाधानी आहेत. दारूच्या गुत्त्यात लोक तिची टिंगल करायचे. मीही केली आहे.

"चहा टाकतो, बाई," मी म्हणालो.

"चहा नको. बस. हे अक्षर कुणाचं?"

तिने फाइलमधला एक कागद पुढे सरकवला. माहितीच्या कायद्याखाली तिने मागितलेल्या कागदांतला तो शेवटचा. बारा वर्षांपूर्वीचा माझा तक्ता.

"आकडेच तर आहेत. आकड्यांना कसलं अक्षर?"

"मला शिकवतोस? दुसरीत तुझा सात एकासारखा दिसायचा, म्हणून मी तुला त्याच्या पोटात आडवी रेघ मारायला लावली. अख्ख्या शाळेत तशी रेघ मारणारा तू एकटा होतास, मॅलकी."

ती चष्मा लावून सरकारचं पत्र वाचायला लागली. 'किलटबर केंद्राच्या वर्षभराच्या नोंदीत एकाही दिवशी चूक नाही. योजना किती काटेकोरपणे राबवली जाते याचं हे उत्तम उदाहरण आहे.'

"उना त्याच वर्षी इथं होती," ती म्हणाली. "दोन वर्षांची. माझ्या लेकीने नोकरी शोधेपर्यंत तिला माझ्याकडे ठेवली होती. तेवढीच ती इथलं पाणी प्यायली. म्हणजे तुझ्याच आकड्यांवरून मी त्यांना धरणार आहे."

त्या वर्षी फ्लोराइड सोडणारा पंप बंद होता. मी जिल्हा कार्यालयातल्या फिन्टनला फोन केला होता. तो म्हणाला होता, "भाग मागवलाय रे. तोवर तक्ता चालू ठेव. कोरा आला तर मला वर उत्तर द्यावं लागेल, उगाच डोक्याला ताप." सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आमचा भाग चौदा महिन्यांनी आला. ते चौदा महिने आमच्या पाण्यात फ्लोराइडचा थेंब पडला नाही आणि मी दर शुक्रवारी ०.७ लिहीत राहिलो. फिन्टन आता वर गेलाय. देवाघरी नाही, वरच्या हुद्द्यावर.

हे सगळं मी बाईला सांगून टाकलं. का सांगितलं? ती समोर बसली की मी अजून आठ वर्षांचाच असतो म्हणून. आणि दुसरं म्हणजे, या कामातून जाताना खरं काय ते कुठंतरी लिहिलेलं असावं असं मला मनापासून वाटत होतं. पेन्शन अडकली तर अडकली.

बाईने चष्मा काढला. खिडकीबाहेर तळ्यावर पाऊस पडत होता, नेहमीसारखाच बारीक आणि कंटाळवाणा.

"म्हणजे उनाचे डाग या पाण्याचे नाहीत," ती शेवटी म्हणाली.

"आम्ही घातलेल्या फ्लोराइडचे तरी नाहीत."

"दोन वर्षं मी वेड्यासारखी पत्रं लिहिली."

"बाई, मी..."

"गप्प बस. तुला रडायला मी वेळ दिलेला नाही." तिने नाक पुसलं. "माझं म्हणणं पडलं. प्रश्न अजून उभाच आहे. मला खोटं कळलं ते चुकून, आणि त्यांना बारा वर्षांत कळलंच नाही. उलट त्यांनी ते पुरावा म्हणून छापलं. घे कागद. लिही."

"काय लिहू?"

"जे आत्ता बोललास ते. आणि शुद्धलेखन बघ, लाज आणू नकोस."

मी लिहिलं. पंप कधी बंद पडला, कुणाला फोन केला, कधी सुरू झाला, सगळं. खाली सही केली. बाईने तिच्या हाताने लिहिलं की माझ्या नातीबद्दलचा आरोप मी मागे घेते, पण नोंदींची चौकशी व्हावी. रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं. त्या रात्री मला बरी झोप लागली.

महिन्याभराने उत्तर आलं. छान जाड कागद. बाईने ते पंपहाउसवर आणून माझ्यासमोर ठेवलं. लिहिलं होतं: 'आपल्या पत्रातील दाव्याची पडताळणी केंद्रचालकाने त्या काळात ठेवलेल्या दैनंदिन नोंदींवरून करण्यात आली. नोंदी पूर्ण व नियमित आढळल्या. सबब दाव्यात तथ्य नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

माझ्याच खोट्याने माझं खरं खोटं पाडलं होतं. मला हसू आलं, मग हसायचीसुद्धा ताकद उरली नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता चहा टाक," बाई म्हणाली.

माझ्या शेवटच्या आठवड्यात मी तक्ता रोजच्या रोज भरला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. सोमवारी ०.६८, मंगळवारी ०.७२. बुधवारी मोजायचं यंत्र बिघडलं, म्हणून बुधवारचा कप्पा कोरा सोडला. गुरुवारी ते दुरुस्त झालं, ०.७. शुक्रवार, शनिवार, रविवारचं त्या-त्या दिवशी मोजून लिहिलं आणि सोमवारी सकाळी, किल्ल्या द्यायच्या आधी, तक्ता पाठवून दिला. तासाभरात फोन वाजला. चौदा महिने पंप बंद होता तेव्हा न वाजलेला फोन.

"मॅलकी, बुधवार राहिलाय हो तुमचा," ऑफिसातली मुलगी म्हणाली.

"राहिला नाही. यंत्र बंद होतं. मोजलंच नाही."

"हो, पण कप्पा कोरा असला की संगणक पुढे जाऊ देत नाही. काय टाकू?"

"काही टाकू नकोस, पोरी. कोराच खरा आहे."

"बरं, बघते मी. आणि निवृत्तीच्या शुभेच्छा हं!"

पेन्शन सुरळीत चालू झाली. कुणी एक शब्द विचारला नाही, आणि त्याचंच जास्त लागलं. दोन महिन्यांनी बाई माझ्या घरी आली. पुन्हा कायद्याखाली अर्ज करून तिने माझ्या शेवटच्या आठवड्याचा हाताने भरलेला तक्ता मागवला होता. टेबलावरचा ब्रेड सरकवून तिने तो पसरला आणि बुधवारवर बोट ठेवलं.

०.७.

"सुबक काढलाय," बाई म्हणाली. "पण पोटात रेघ नाही."