कुंपणातलं बुटकं दार

या मित्रांनो, कुंपणाला टेकून जवळ बसा. एका गाळलेल्या ओळीची गोष्ट मला सांगायची आहे.

मी एक जुनं, बुटकं दार आहे. आमच्या बल्गेरियातल्या खेड्यांत दोन शेजाऱ्यांच्या अंगणांमध्ये असं एक दार असतंच. स्तोयनाच्या सासऱ्यांनी मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. माझ्यातून दह्याचं विरजण गेलं, भाजलेल्या मिरच्या आल्या. "हे दार म्हणजे आमची अर्धी सोयरीक," असं शेजारची दोन्का कौतुकाने म्हणायची.

मग स्तोयनाची ठिपक्यांची कोंबडी नाहीशी झाली. त्याच दुपारी दोन्काच्या चुलीवरून रश्श्याचा वास आला. झालं. स्तोयनाने मला खिळे ठोकले आणि माझ्या फटीला डोळा लावला. दोन्का हसली, की हिला वाटे, मलाच हसतेय. दोन्का गप्प बसली, की वाटे, काहीतरी शिजतंय. वाकून वाकून हिची मान आखडली, अन्न गोड लागेना.

रोज संध्याकाळी ती अंगणात प्रभूची प्रार्थना गाई. गळा मोठा गोड. पण 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली, की तिला खोकला येई आणि ती ओळ गाळून गाणं पुढे सरके. देवाच्या ध्यानात येत नसेल, असं तिला वाटे. माझ्या तर येत होतं.

ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाआधी आमच्याकडे क्षमेचा रविवार असतो. धाकट्याने थोरल्याकडे जाऊन क्षमा मागायची. या दोघी मात्र घरीच बसत. दोघींच्या मते आपणच थोरली.

यंदा पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलं, "ज्याला तू मनात कोंडलंस, त्याच्या पहाऱ्यावर तुलाच बसावं लागतं." स्तोयना तणतणत घरी आली, फटीला डोळा लावला. पलीकडेही एक डोळा होता.

"पाद्रीबाबांचे कान तूच भरलेस ना गं?"

"मला वाटलं, तू भरलेस."

स्तोयना मान चोळत राहिली. "तू धाकटी. तू आधी माग."

"वा गं. माझे दुधाचे दात पडले तेव्हा तू पाळण्यात होतीस."

स्तोयना निघून गेली. आली ती पक्कड घेऊन. एकेक खिळा उपटताना माझा जीव कळवळला, पण मी उघडलं.

"बरं बाई, आज मी धाकटी. मला क्षमा कर."

"देव क्षमा करो. मीही केली." दोन्का म्हणाली. "कोंबडी मी खाल्ली नाही गं."

"खाल्ली असलीस, तरीही."

त्या संध्याकाळी खोकला आला नाही.

मित्रांनो, माझ्या अंगावर अजून खिळ्यांची भोकं आहेत. असल्या दारांच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घालत जा. आणि आज प्रार्थना म्हणताना ज्याच्यामुळे त्या ओळीशी तुम्हाला खोकला येतो, त्या माणसाची आठवण ठेवा.