बियाण्याचे वाल

विठा दिराच्या शेताच्या पट्टीत उकिडवी बसून बोटांनी माती उकरत होती. सकाळची थंडी अशी, की नखांत माती गेलेलीही कळत नव्हती. एका जागी काही सापडले नाही म्हणून ती पुढे सरकली. तिथेही काही नव्हते.

"काय हरवलं गं?" बांधावरून बनूआत्याने विचारले. ही शेजारची म्हातारी. गावातल्या कुठल्याही बातमीला हिच्या ओट्यावर टेकल्याशिवाय पुढे जाता येत नसे.

"बी शोधतेय, आत्या. कुजलेलं का होईना, सालपट तरी सापडायला नको?"

"पाखरांनी उचललं असंल."

"दोनी येळंला?"

बनूआत्याने पदर कानांवरून ओढून घेतला. "जयदेव शेकोटीवर बोलत होता, वयनीनं वरचं चांगलं बी गावाला वाटलं नि तळाचं कुजकं सख्ख्या दिराला दिलं. मी नाय बोलत हां, तो बोलत होता."

विठाला ते ठाऊक होते. एव्हाना सगळ्या चामटोली गावाला ठाऊक होते.

भात कापून झाले की इथे त्याच शेतात वाल टाकतात. त्याला पाणी द्यावे लागत नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेचे दव एवढ्यावर तो वाढतो. थंडी धरली तर पीक, आभाळ आले तर नुसता पाला. आणि बियाणे जायचे ते विठाच्या घरातून. राखेत घोळवून मडक्यात ठेवलेले बारीक, तांबूस वाल. ते विकायचे नाहीत, ही सासूच्या सासूपासूनची रीत. कार्तिकात ज्याला हवे त्याने न्यावे, पीक आले की तेवढेच आणून द्यावे. सासूने मरताना विठाच्या हाती सोने दिले नाही, कारण ते नव्हतेच; मडके दिले. पुढे नवराही गेला, पदरी मूलबाळ नाही, तरी कार्तिक लागला की दारात माणसे उभी राहत, "विठाबाय, बी दे" म्हणत. तेवढे दिवस विठाची मान ताठ असे.

आणि जयदेव म्हणजे कोण? ती लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबडा पोर तिच्या पदराला धरून चुलीपर्यंत यायचा आणि वालाचे बिरडे शिजेपर्यंत भांड्यापासून हलायचा नाही. आता अंबरनाथला फॅक्टरीत होता. उल्हासनगरहून आणलेला निळा स्वेटर घालून सायकलवर स्टेशनला जाताना तो दिसला की विठाला बरे वाटायचे. भावाने शेवटच्या दुखण्यात त्याचा हात धरून सांगितले होते, "हिच्या बांधाला परका येऊ देऊ नको." जयदेव तेव्हा सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडला होता.

एकोणनव्वदच्या त्या हिवाळ्यात सगळ्यांचा वाल उगवला, जयदेवची पट्टी तेवढी उघडी राहिली. तो तिच्या दारात येऊन नुसता उभा राहिला होता.

"वयनी, तुज्याकडून ही अपेक्षा नव्हती."

विठाला भूमी दुभंगावी असे झाले. मडके तिनेच उपसले होते. तळाला खरेच ओल धरली असेल का? आपल्या हातून घरच्याच माणसाला खराब बी गेले? तिने एकदाही उलट विचारले नाही. उठली, फडताळातली धाकटी मडकी काढली. त्यात होते ते मूळ बी. पुढच्या सालासाठी राखलेले, कितीही मोठा माणूस आला तरी न द्यायचे. तिने ते सगळे त्याच्या पिशवीत ओतले.

"हे टाक. आजून ओल हाय जमिनीत. आनि नायच आलं तर माज्या पट्टीतलं अर्धं तुजं."

"बघतो," एवढेच तो म्हणाला. पिशवी मात्र त्याने घट्ट धरली होती. सुटीच्या दिवशी पहाटे जाऊन टाकले, असे त्याने नंतर सांगितले. पट्टीत नांगराच्या ताज्या रेघा होत्या, तेव्हा कोण कशाला शंका घेतो?

तेही उगवले नाही. मग जयदेवने गावात बोलायला सुरुवात केली, की घरचीच माणसे अशी वागतात तर शेती ठेवून करायचे काय. उल्हासनगरचे एक शेठ गोडाऊनला जागा बघतायत, देऊन टाकतो. एरवी बापाची जमीन विकतो म्हटल्यावर गावाने त्याला देवळासमोर उभे करून जाब विचारला असता. या वेळी माणसे त्याच्या खांद्यावर हात ठेवत होती आणि विठा पाणवठ्यावर आली की बोलणे थांबवत होती.

पौषात एका सकाळी जयदेवची बायको रखमा तिला बोलवायला आली. ही साधी बाई. भांडणतंट्यात पडायची नाही आणि तिला काही सांगायचेही कोणी नाही.

"जाऊबाय, दुपारी शेठ जेवायला येनारेत. बिरडं करायचंय. एकटीच्यानं वाल सोलून व्हायचे नाय. येता?"

विठा जाणार नव्हती. पण ज्या जागेचा सौदा व्हायचा ती आपल्या चुकीने चालली, असे तिच्या मनाने घेतले होते. शेठच्या पाया पडावे, थोडे थांबा म्हणावे, असेही एक वेड तिच्या डोक्यात होते. ती गेली.

रखमाने फडक्याचे गाठोडे परातीत सोडले. वालांना मोड आले होते. एकेक बोटभर, पांढरे, टवटवीत. विठाने मूठ भरून घेतली, उलटीपालटी केली, परातीत हात घालून तळापर्यंत चाळवले. एकही वाल कुजका नव्हता. एकही मुका, मोड न फुटलेला, नव्हता. बारीक, तांबूस, डोळ्याशी पांढरी रेघ.

"हे कुठले गं?"

"ह्यांनीच दिले काढून. दोन पिशव्या हायेत माळ्यावर." रखमा थोडे वाल पातेल्यात काढून त्यांवर गरम पाणी ओतत म्हणाली. "पन काय राख होती त्यांना! धुता धुता हात काळे झाले माजे."

विठाच्या हातातला वाल सालीतून सुटून परातीत पडला. तिने पुढचा उचलला, दाबला, सोलला. आधी तिला वाटले, बरे झाले, आपले बी चांगले होते. खरेच, पहिल्यांदा तिला आनंदच झाला. मग ज्याला मांडीवर घेऊन भरवले त्याने काय केले ते तिला कळत गेले. सोलता सोलता तिने गरम पाणी न लागलेल्या, मोड आलेल्या वालांची एक ओंजळ ओच्यात टाकली. रखमाच्या लक्षात आले नाही.

शेठ वेळेवर आले. पांढरे कपडे, बोलायला गोड. दोन घास खाऊन त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहत म्हटले, "भाभी, ये वाल तो कमाल का है! बाजारमध्ये असा नाय भेटत. किसके खेत का है?"

"आपल्याच शेतातला," जयदेव म्हणाला.

पाण्याचा तांब्या घेऊन विठा दारातच उभी होती. जयदेवची नजर तिच्यावर गेली, तिथून परातीतल्या सालींच्या ढिगावर गेली आणि मग तो ताटात बघून भराभरा जेवायला लागला. विठाने शेठच्या पेल्यात पाणी ओतले, त्याच्याही ओतले. आताच्या आता सगळ्यांसमोर सांगावे असे जिभेवर आले होते. पण समोर परका माणूस जेवत होता, शेजारी रखमा कौतुक ऐकून लाजत उभी होती. विठाने पदर कमरेला खोचला आणि मागच्या दाराने ती निघून गेली.

त्याच संध्याकाळी उजेड होता तोवर तिने ओच्यातले वाल जयदेवच्या पट्टीत लावले. आपल्या बांधाला लागून, सरळ ओळीत. वालाचा हंगाम केव्हाच उलटला होता. पीक येणार नव्हते, ते तिलाही माहीत होते. तिला पीक नकोच होते.

थंडीने साथ दिली. रोज दव पडत राहिले. उघड्या, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या पट्टीच्या कडेला हिरवी ओळ उभी राहिली. आपल्या शेंगा तोडता तोडता विठा तिकडे बघायची. गावाला दिसेल, कोणी विचारेल, मग सांगू, असे ती रोज ठरवायची. पण कडेच्या त्या जमिनीकडे आता कोणी जात नव्हते. बनूआत्या थंडीतापाने अंथरुणाला खिळली होती.

सौदा झाला. शेठच्या कुंपणाचे खांब यायचे होते त्या सकाळी जयदेव एकटाच आला. निळा स्वेटर, कानाला मफलर. पट्टीत चार पावले टाकली आणि थबकला. त्याने ओळीकडे पाहिले. मग मान वर करून विठाकडे पाहिले. ती आपल्या वालात कमरेइतकी बुडून उभी होती, ओच्यात शेंगा. दोघांच्या मध्ये फक्त बांध होता.

काहीतरी बोलेल, असे विठाला वाटले. 'वयनी' एवढे म्हणाला असता तरी तिने सोडून दिले असते. पोर चुकले म्हणून, नवऱ्याच्या नावाखातर, सगळे गिळले असते.

जयदेवने मागे रस्त्याकडे बघितले. खांबांचा टेम्पो वळणावर दिसायला लागला होता, गावातली माणसेही बघायला निघाली होती. तो घाईघाईने वाकला आणि एकेक रोप उपटून पँटच्या खिशात कोंबू लागला. हात मातीने भरले, स्वेटरच्या बाह्या दवाने ओल्या झाल्या. काही रोपे नुसती वरून तुटत होती.

विठाने हातातली शेंग ओच्यात टाकली. मग त्याच्या लहानपणी त्याला सांगायची त्याच आवाजात म्हणाली,

"मुळासकट काड, जयदेव. खालून राहिलं तर परत फुटतं ते."

तो वर न बघता माती उकरू लागला. विठाने ओचा सारखा केला आणि ती पुढच्या वेलाच्या शेंगा तोडायला लागली.